रेंजच्या काड्या आणि वांग्याचे वाण

शाळेसाठी बिनतारी इंटरनेटचे यंत्र घ्यायचे ठरले, की तुलना सुरू होते. दुकानदार एक राउटर पुढे करतो, गावातला कोणी जाणकार दुसऱ्याचे नाव सुचवतो. मग दोन्ही यंत्रे मुख्याध्यापकांच्या टेबलावर आळीपाळीने लावून मोबाइलवर काड्या किती येतात ते पाहिले जाते. ज्याच्या काड्या जास्त ते यंत्र चांगले, असा निकाल पाच मिनिटांत लागतो. हा निकाल बहुतेक वेळा निरर्थक असतो, असे आमचे म्हणणे आहे. तो का निरर्थक असतो आणि त्याच्या जागी काय करता येईल, हे येथे तपासू.

प्रश्न किरकोळ नाही. मागील दशकात धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळा लोकसहभागातून 'डिजिटल' करण्याचे मोठे काम झाले. अशा कामात ग्रामस्थांनी घातलेला पैसा कापसाच्या आणि केळीच्या उत्पन्नातून, मजुरीतून आलेला असतो. तो कोणत्या यंत्रावर खर्च करायचा हे ठरवताना विज्ञान शिक्षकाला विचारले जाते. अशा वेळी त्याने 'काड्या जास्त आहेत' एवढेच सांगावे, हे विज्ञानाला शोभणारे नाही.

असोद्याचा शेतकरी काय करतो?

जळगावच्या अगदी जवळचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून सर्वांना ठाऊक आहे. खानदेशात त्याचे नाव भरिताच्या वांग्यांसाठीही निघते. समजा, तेथील एका शेतकऱ्याला वांग्याचे दोन वाण पारखायचे आहेत. पहिला वाण त्याने विहिरीजवळच्या काळ्या कसदार वाफ्यात लावला, दुसरा बांधाकडच्या मुरमाड तुकड्यात लावला, आणि एकेका झाडाची वांगी मोजून 'पहिला वाण सरस' असे जाहीर केले, तर सारे गाव त्याला हसेल. त्याने वाण मोजला नाही, जमीन मोजली, हे कोणीही सांगेल.

राउटरच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो आणि कोणी हसत नाही. कारण जमीन डोळ्यांना दिसते, विद्युतचुंबकीय लहरींचे शेत दिसत नाही. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात सिग्नल म्हणतो, तो बिनतारी संदेश हा एकट्या यंत्राचा गुण नसतो. यंत्र, घेणारा फोन, मधल्या भिंती, शेजाऱ्यांची यंत्रे आणि मोजण्याची वेळ या सर्वांचे मिळून ते पीक असते. त्यातील यंत्राचा वाटा वेगळा काढणे, हेच तुलनेचे खरे काम आहे.

काडी हे एकक नाही

मीटरपट्टी असोद्यात न्या किंवा लंडनला न्या, मीटर बदलत नाही. काडीचे तसे नाही. किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या, हे फोनचा उत्पादक स्वतः ठरवतो. २०१० साली आयफोन ४ या फोनविषयी तक्रारी आल्या, तेव्हा ॲपल कंपनीने जाहीर पत्रात मान्य केले की काड्या ठरवण्याचे तिचे सूत्र पूर्णपणे चुकीचे होते आणि अनेकदा फोन हव्यात त्यापेक्षा दोन काड्या जास्त दाखवत होता. पुढे सूत्र बदलले, तशा काड्या बदलल्या. हवेतील लहरी होत्या तशाच राहिल्या. वाय-फायच्या १९९७ च्या मूळ प्रमाणकातही ग्राहक यंत्राने सांगायची संदेशाची शक्ती म्हणजे ० ते २५५ या मर्यादेतील एक संख्या, एवढेच अपेक्षित होते. ती संख्या मिलिवॅटशी कशी जोडायची, हे उत्पादकावर सोडले होते.

याहून बरे माप डीबीएम हे आहे. ते फोनवरील साध्या मोफत ॲपवरही पाहता येते. १ मिलिवॅट शक्ती म्हणजे ० डीबीएम. शक्ती दहापट घटली की आकडा १० ने उतरतो. म्हणून –३० डीबीएम म्हणजे एक मायक्रोवॅट, –६० म्हणजे एक नॅनोवॅट आणि –९० म्हणजे एक पिकोवॅट. घरगुती राउटर सुमारे १०० मिलिवॅट शक्ती सोडतो असे धरले आणि शेजारच्या खोलीतील फोनवर –६० डीबीएम दिसले, तर सोडलेल्या शक्तीचा दहा कोटींतला एक भाग फोनला मिळाला, असा त्याचा अर्थ. आणि तेवढ्यावर काम उत्तम चालते! नववी-दहावीच्या मुलांना घातांक शिकवताना याहून जवळचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

डीबीएमवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फोनमधील हे मापक प्रयोगशाळेत तपासून दिलेले नसते. एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन एकाच राउटरसाठी काही डेसिबलने वेगळे आकडे सहज दाखवतात. तेव्हा तुलनेला फोन एकच हवा, ही पहिली अट.

खोक्यावरचे आकडे

दुसरा आक्षेप खोक्यावरील जाहिरातीवर आहे. 'एसी १२००' असे छापलेले यंत्र सेकंदाला १२०० मेगाबिट देईल, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ८६७ यांची बेरीज करून, ती वर ओढून १२०० केलेली असते. घरातला साधा फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर असतो. जळगावहून भुसावळला जाणारी एसटी ताशी ४० किलोमीटरने आणि धुळ्याला जाणारी ताशी ६० किलोमीटरने धावते, म्हणून आगाराने 'वेग ताशी १००' अशी पाटी लावावी, तसलाच हा प्रकार. शिवाय हे आकडे हवेतील कच्च्या वेगाचे आहेत. पोच देणे, पाळी येण्याची वाट पाहणे, चुकलेला मजकूर पुन्हा पाठवणे यांत त्यातील मोठा भाग खर्ची पडतो.

'जास्त शक्ती, लांब पल्ला' या दाव्याचेही तसेच. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तेव्हाच अँटेनातून एका दिशेने जाणाऱ्या परिणामी शक्तीवर ४ वॅटची मर्यादा घातली गेली. त्या मर्यादेत राहूनही एखादा राउटर दुसऱ्यापेक्षा मोठ्याने बोलू शकतो, हे खरे. पण संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावे लागते. शेताच्या या टोकाला उभा असलेला माणूस भोंग्यातून ओरडला आणि पलीकडचा कुजबुजला, तर बोलणे होत नाही. फोनची बॅटरी लहान, अँटेना लहान. त्याचा आवाज राउटरपेक्षा बहुधा क्षीण असतो. फोनवर काड्या भरगच्च दिसाव्यात आणि तरीही पान उघडू नये, याचे एक कारण हे आहे. काड्या राउटरचा आवाज सांगतात. राउटरला फोनचे किती ऐकू येते, ते सांगत नाहीत.

खोक्यावरील एक आकडा मात्र कोणी वाचत नाही, तो तापमानाचा. अनेक घरगुती राउटरांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ० ते ४० अंश सेल्सिअस अशी मर्यादा दिलेली असते. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छताखाली हवा याहूनही तापते. खानदेशातील शाळेने दोन यंत्रांची तुलना करताना पल्ल्याच्या दाव्याआधी ही ओळ वाचावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

आवाज नव्हे, आवाज आणि गोंगाट यांचे गुणोत्तर

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. संदेशाची शक्ती बरोबर मोजली, तरी तेवढ्याने संदेशाचा दर्जा कळत नाही. जत्रेत कोणी कानाशी ओरडले तरी समजत नाही, आणि रात्री माळावर दूरची हाक स्पष्ट ऐकू येते. महत्त्व आवाजाला नाही, तर आवाज आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराला आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये हे गणिताने मांडले. एखाद्या वाहिनीतून सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक पाठवता येतील, हे दोन गोष्टींवर ठरते: पट्ट्याची रुंदी आणि हे गुणोत्तर. गुणोत्तरात १ मिळवून त्याचा २ या पायावरचा लॉगरिदम घ्यायचा आणि त्याला रुंदीने गुणायचे, की कमाल मर्यादा मिळते.

दोन यंत्रांचे उदाहरण घेऊ. पट्टा दोघांचाही २० मेगाहर्ट्झ रुंदीचा. पहिल्याचा संदेश –५० डीबीएम, पण गोंगाट –५५. दुसऱ्याचा संदेश –७०, गोंगाट –९५. काड्यांच्या हिशेबात पहिले यंत्र शंभरपट सरस आहे. गुणोत्तराच्या हिशेबात पहिल्याला ५ डेसिबल मिळतात, म्हणजे सुमारे ३.२ पट, दुसऱ्याला २५ डेसिबल, म्हणजे सुमारे ३१६ पट. शॅननच्या सूत्राने पहिल्याची मर्यादा सेकंदाला सुमारे ४१ मेगाबिट येते आणि दुसऱ्याची सुमारे १६६. मंद आवाजाचे यंत्र चौपट वरचढ ठरले! प्रत्यक्ष यंत्रे ही मर्यादा गाठत नाहीत, पण क्रम हाच राहतो.

हा धडा आपल्याकडे सर्वांत ठळकपणे शिकवणारी जागा पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशगंगांकडून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण असतो, की अँटेना कितीही मोठी केली तरी भोवती गोंगाट असेल तर तो हाती लागत नाही. म्हणून रेडिओ गोंगाट कमी असणे हा जागा निवडतानाचा एक महत्त्वाचा निकष होता, आणि आजही मानवनिर्मित संदेशांचा उपद्रव ओळखून गाळणे हा तेथील कामाचा मोठा भाग आहे. शाळेतील राउटरला नियम तोच लागू आहे. फरक फक्त प्रमाणाचा.

शाळेतील गोंगाट कोठून येतो? मुख्यतः शेजारच्या राउटरांकडून. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्यांची मध्यबिंदूंतील अंतरे ५ मेगाहर्ट्झ आहेत, पण प्रत्येक संदेश सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. त्यामुळे १, ६ आणि ११ अशा तीनच वाहिन्या एकमेकींच्या पायात पाय न घालता चालतात. एक राउटर गर्दीच्या वाहिनीवर आणि दुसरा मोकळ्या वाहिनीवर लावून केलेली तुलना म्हणजे पुन्हा विहिरीजवळचा वाफा आणि मुरमाड तुकडा.

हातभर अंतराचा खेळ

समजा, फोन एक, वाहिनी एक, वेळही एक. तरीही टेबलावरचा एक आकडा पुरेसा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर आहे. राउटरकडून थेट आलेली लहर आणि भिंतीवरून, पत्र्यावरून, लोखंडी कपाटावरून परतलेल्या लहरी यांचे व्यतिकरण होते. कोठे शिखरावर शिखर पडते, कोठे शिखरावर दरी. परिणामी फोन चार-सहा सेंटिमीटर सरकवला तरी आकडा १० डेसिबलने वर-खाली होऊ शकतो. दोन चांगल्या राउटरांतील खरा फरक बहुधा दोन-तीन डेसिबलचा असतो. म्हणजे ज्या तराजूचा काटा दहा किलोने डुलतो, त्यावर आपण दोन किलोंचा फरक तोलायला बसलो आहोत.

त्यात भिंतींची भर. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, नव्या खोल्यांतील सळयांचे काँक्रीट, पत्र्याची छपरे या प्रत्येकाचे लहरींशी वागणे निराळे आहे. माणसाचे शरीरही बहुतांश पाण्याचे असल्याने लहरी शोषते. रिकाम्या वर्गात घेतलेला आकडा चाळीस मुले बसल्यावर तसाच राहत नाही. ज्या यंत्राने मुले शिकणार आहेत, त्याची परीक्षा मुले वर्गात असतानाच घ्यायला हवी.

'स्पीड टेस्ट' हाही यावर उपाय नाही. ती चाचणी गावापर्यंत आलेली तार, सेवा देणाऱ्याची यंत्रणा आणि दूरच्या शहरातील संगणक असा सगळा रस्ता मोजते. रस्त्यात कोठेही खड्डा असला, तरी दोष राउटरच्या माथी येतो. राउटरच तपासायचा असेल, तर एक संगणक त्याला तारेने जोडावा, दुसरा बिनतारी जोडावा, आणि एक मोठी फाइल या संगणकातून त्या संगणकात जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. इंटरनेटची त्यात गरजच नाही.

पालघरने काय दाखवले?

गावांच्या पातळीवर अशा प्रश्नांचा विचार महाराष्ट्रात झालेला आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राम मार्ग' या प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील खामलोली व आसपासच्या गावांत बिनतारी जोडणीचे प्रयोग केले. आधी दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या मोकळ्या जागा वापरून पाहिल्या, पुढे ५.८ गिगाहर्ट्झची परवानामुक्त यंत्रेही वापरली. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले.

या दोन पट्ट्यांतील फरक विद्यार्थ्यांना सहज मांडून दाखवता येतो. ५०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ६० सेंटिमीटर, ५.८ गिगाहर्ट्झची सुमारे ५ सेंटिमीटर. अँटेनांची वर्धनक्षमता सारखी धरली, तर मोकळ्या जागेतही दुसरा संदेश पहिल्यापेक्षा २१ डेसिबलने क्षीण पोचतो, आणि झाडांच्या पानांतून जाताना त्याचे नुकसान आणखी होते. त्याला सरळ, मोकळी वाट लागते. एक किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येचा पट्टा अडथळ्याविना हवा. असोद्याच्या परिसरात दोन इमारतींमध्ये कापूस उभा असेल, तर अडचण नाही. पण तेथेच केळीची बाग उभी राहिली, तर जोडणीची कसोटी लागते. आज पहिला आलेला संच सहा महिन्यांनी मागे पडू शकतो.

मग नेहमी ५०० मेगाहर्ट्झचीच यंत्रे का घेऊ नयेत? कारण तो पट्टा वापरायला खास परवानगी लागते, आणि ५.८ गिगाहर्ट्झची यंत्रे बाजारात सहज व स्वस्तात मिळतात. उंच खांब उभारला की वाटही मोकळी होते. म्हणजे 'कोणते यंत्र चांगले' याचे उत्तर संदेशाच्या आकड्यावर संपत नाही; जागा, कायदा आणि पैसा धरूनच ते द्यावे लागते.

वाणांची पद्धत

टीका पुरे, आता पर्याय. तो शेतीनेच दिलेला आहे. रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ १९१९ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. जमिनीचा कस जागोजागी बदलत असताना दोन वाणांची न्याय्य तुलना कशी करावी, या प्रश्नावर त्यांनी तेथे पद्धत बसवली आणि १९३५ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. तिची तीन सूत्रे अशी: एकाच तुकड्यावर विसंबू नका, अनेक तुकडे घ्या, सारख्या जमिनीत दोन्ही वाण शेजारी-शेजारी लावा, आणि कोणता वाण कोठे जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे आपला कल त्यात शिरणार नाही.

हीच पद्धत शाळेत उतरवू. दोन राउटरांना 'क' आणि 'ख' म्हणू. शाळेतील १० जागा खडूने आखून घ्या. त्यांत अडचणीच्या जागाही असू द्या. दोन्ही राउटर एकाच उंचीवर, एकाच ठिकाणी, एकाच वाहिनीवर लावायचे, पण एका वेळी एकच सुरू ठेवायचा. प्रत्येक जागी आधी कोणता लावायचा हे नाणे उडवून ठरवा. फोन एकच, धरणारा एकच. प्रत्येक वेळी फोन हातभर वर्तुळात हळूहळू फिरवत मिनिटभरात दहा आकडे लिहा आणि त्यांचा मध्यक घ्या, म्हणजे शिखरे व दऱ्या सांडून जातील. त्याच जागी फाइल पाठवण्याची वेळही नोंदवा. शेवटी प्रत्येक जागेसाठी एवढेच लिहा: येथे 'क' सरस की 'ख'?

आता निकाल. 'क' १० पैकी ६ जागी सरस ठरला, तर पुष्कळ जण त्याला विजयी घोषित करतील. पण नाणे १० वेळा उडवले, तर ६ किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता १०२४ मध्ये ३८६, म्हणजे सुमारे ३८ टक्के आहे. हा विजय नव्हे, नाणेफेक आहे. 'क' ९ किंवा १० जागी सरस ठरला, तर केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तेव्हा फरक खरा मानायला हरकत नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित स्वतः मांडता येते. दोन दुपारी, एक फोन, दोन राउटर आणि खडू एवढ्यात हा प्रयोग उरकतो.

असा प्रयोग केला, तर अनेकदा 'फरक आढळला नाही' असाच निकाल हाती येईल, अशी आमची अपेक्षा आहे. त्याने निराश होऊ नये. फरक नसेल, तर स्वस्त यंत्र घ्यावे आणि उरलेल्या पैशांत ते योग्य जागी लावावे: उंचावर, लोखंडी कपाटापासून दूर, वाऱ्याच्या जागी, मोकळ्या वाहिनीवर. राउटरची जागा बदलून मिळणारा लाभ राउटर बदलून मिळणाऱ्या लाभापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. संगणक खोलीत कायम टेबलावर असणारे संगणक तर तारेनेच जोडावेत. तारेला केळीची बाग आडवी येत नाही, शेजाऱ्याचा राउटर त्रास देत नाही, आणि जेवढी यंत्रे तारेवर जातील तेवढी हवा इतरांसाठी मोकळी होते.